आमचं ब्रूइंगचं दुकान बंद झालं

काल शेवटचा दिवस होता. पुढे चार नळांची छोटीशी ब्रूअरी आणि मागे घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान, इथे ओरेगनला आल्यापासून दर महिन्याची फेरी ठरलेली. मागच्या खोलीत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायची मशीन होती, आपल्या गिरणीसारखीच, फक्त पीठ नाही करायचं, भरड काढायची, साल अख्खी राहिली पाहिजे नाहीतर नंतर गाळताना सगळा लगदा बसतो. पहिल्यांदा मी हौसेने बारीक दळून घेतलं आणि रात्री दोन वाजेपर्यंत गाळत बसलो, बायको अजून ऐकवते.

अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, म्हणजे तसं अलीकडेच. आणि कॅस्केड, हॉप्सचा म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा एक वाण, ज्याचा तो ग्रेपफ्रूटसारखा वास, तो १९७२ साली ह्याच ओरेगनमधून बाहेर आला, त्यामुळे म्हातारा मालक ते पाकीट देताना असा द्यायचा जणू घरच्या झाडाचे आंबे देतोय.

भाडं वाढलं आणि लोक सामान ऑनलाइन मागवतात, एवढंच म्हणाला. खरं सांगायचं तर यीस्ट मीही दोनदा ऑनलाइन घेतलं होतं, आठ डॉलर वाचवायला. ते त्याला सांगितलं नाही.

सगळ्यावर अर्धी किंमत होती. मी दोन एअरलॉक, म्हणजे बिअर आंबताना गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपा, आणि रबरी बुचं घेतली, खरं तर घरी आहेत. दळायच्या मशीनवर 'विकली' अशी चिठ्ठी लावलेली होती, आणि खालच्या बादलीत कुणाची तरी थोडी भरड तशीच राहिली होती.