मानेचं दुखणं आणि लांबची राईड: बाईकमध्ये काय बदललं, रस्त्यावर काय कळलं

मानेच्या मणक्यांची झीज झालेली, उजव्या खांद्यात अधूनमधून कळ उतरते आणि मान पूर्ण वळत नाही. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर हा प्रवास ठरवला, आणि रस्ता मुद्दाम मिश्र घेतला: आधी सपाट रुंद महामार्ग, मग उखडलेला रस्ता, शेवटी घाट. तिन्ही ठिकाणी मान दुखायची कारणं निराळी असतात. बाईक मध्यम वजनाची, जरा पुढे झुकून बसायला लावणारी आणि पुढे बुटकी काच असलेली.

झुकून बसण्यात खरी अडचण अशी की पाठ पुढे जाते, पण नजर रस्त्यावर ठेवायची म्हणून मान मागे मोडावी लागते. डोकं साडेचार-पाच किलोचं, त्यावर दीड किलोचं हेल्मेट, आणि हा सगळा भार मागे मोडलेल्या मानेवर तासन् तास. म्हणून सुरुवात हॅन्डलपासून केली. हॅन्डल नळीचं असेल तर आधी क्लॅम्प सैल करून ते किंचित आपल्याकडे फिरवून बघा, याला काही विकत आणावं लागत नाही. मला तेवढं पुरलं नाही, म्हणून 25 मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हॅन्डल वर उचलणारे ठोकळे, बसवले. रायझर बसवल्यावर हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल, ब्रेकचा पाइप आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना ते तपासायचंच. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवूनही हॅन्डल वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, आणि तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. हॅन्डल फिरलं की क्लच-ब्रेकचे लिव्हरही फिरतात. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी. मनगट वर मुडपलं की खांदा उचलला जातो, आणि खांदा उचलला की मान आखडते.

मात्र खुर्चीत बसल्यासारखं अगदी ताठ बसणं हाही उपाय नाही. ताठ बसलं की वारा छातीवर येतो आणि खड्ड्याचा दणका थेट कण्यातून डोक्यापर्यंत चढतो. किंचित झुकाव राहू द्यावा.

महामार्गावर मानेचा शत्रू वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. पण नुसता जोर सोसता येतो. डोकं हलवून टाकतो तो काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा घुसळलेला वारा. हेल्मेट सतत थरथरतं, ते स्थिर ठेवायला मानेचे स्नायू न थांबता काम करतात, आणि तासाभराने कवटीच्या तळाशी ठणका लागतो. आपल्याकडे कुठला वारा आहे हे ओळखायची सोपी रीत: सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना फुटरेस्टवर जरासं उठायचं. डोकं वर गेल्यावर आवाज बदलून थरथर थांबली, तर दोष काचेचा. मग दोन वाटा आहेत: काच इतकी उंच की झोत डोक्यावरून जाईल, किंवा इतकी बुटकी की हेल्मेटला स्वच्छ वारा लागेल. मधली उंची सगळ्यात वाईट. माझा कौल बुटक्या काचेला. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि बाजूची हवा त्या पोकळीत घुसून भोवरे करते. उंच काच हवीच असेल तर काच आणि तिच्या आधाराच्या मध्ये जाड रबरी वॉशर घालून खालून हवा यायला फट ठेवा. बोल्ट तेवढे लांब हवेत, हे ओघानं आलंच.

हेल्मेटच्या बाबतीत लोक वजनाचंच विचारतात. वजन महत्त्वाचं आहे, पण सैल हेल्मेट हलकं असलं तरी मान थकवतं, कारण ते वाऱ्यात डोक्याभोवती हलत राहतं. वर टोपीसारखी झडप असलेलं हेल्मेट वेगात वर ओढलं जातं, म्हणून महामार्गावर झडप काढून ठेवावी. वर चिकटवलेला कॅमेराही काढा. दाखवायचं ते हॅन्डलवरच्या कॅमेऱ्यातूनही दिसतं. पाठीवर सॅक नको, तिचे पट्टे खांदे मागे-खाली खेचतात. सामान मागच्या सीटवर बांधलं आणि पहिल्या टप्प्यातच फरक जाणवला.

चश्म्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जवळ-लांबचा एकत्र चश्मा असेल तर स्पीडोमीटर वाचताना काचेचा नेमका भाग शोधायला हनुवटी वर जाते, पुन्हा पुन्हा. चालवण्यापुरता फक्त लांबचा चश्मा चालेल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. नकाशासाठी मोबाइल लावत असाल तर तो टाकीवरच्या बॅगेत नको, मीटरच्या उंचीला हवा.

उखडलेल्या रस्त्यावर दोष सीटचा निघाला. सीट पुढे उतरती असली की ब्रेक मारताना आपण टाकीकडे घसरतो, हात हॅन्डलवर दाब देऊन ते थोपवतात, आणि तो दाब खांद्यांतून मानेत जातो. सीटखाली पुढच्या टेकूवर रबराचे तुकडे ठेवून पुढची बाजू किंचित उचलली. लॉक नीट बसतंय ना ते बघून घ्या. मागच्या शॉकॅब्जॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, गरजेपेक्षा जास्त केला की गाडीचं मागचं अंग उचलतं आणि हाच उतार वाढतो. त्यामुळे सामान उतरवल्यावर प्रीलोडही उतरवायचा. टायरमधली हवा थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी ठेवा. जास्त हवेने प्रत्येक खडा मानेला कळतो, आणि आरामासाठी आकड्याच्या खाली जाणं धोक्याचं. मोठा खड्डा दिसला की गुडघ्यांनी टाकी धरून सीटवरून दोन बोटं उठायचं. अधूनमधून दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवून बघा. सहज हलली नाहीत तर हॅन्डल घट्ट आवळून धरलंय.

घाटात वाऱ्याचा त्रास संपतो आणि वळून बघण्याचा सुरू होतो. आरसे बाहेरच्या बाजूला लांबवले आणि कोपऱ्यात छोटे बहिर्गोल आरसे चिकटवले. त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, ही सवय आधी रिकाम्या रस्त्यावर करून घ्यावी. खांद्यावरून बघताना एकटी मान वळवू नये, कमरेपासून छाती वळवावी, म्हणजे मानेच्या वाट्याला थोडंच उरतं. तिरक्या फाट्यावर गाडी तिरकी उभी केली तर येणारी वाहनं पार पाठीमागून बघावी लागतात, म्हणून शक्य तिथे मुख्य रस्त्याशी काटकोनात थांबा. एवढं करूनही खांद्यामागचा भाग डोळ्यांनी बघता येत नसेल, तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

थांबे दुखायच्या आधी घेतले, साधारण पाऊण तासाला एक. हेल्मेट काढायचं, हनुवटी सरळ मागे घेऊन काही सेकंद धरायची, खांदे गोल फिरवायचे. मान कडकन मोडायची नाही. मानेचा मऊ कॉलर लावून चालवू नका, तो वळून बघूच देत नाही. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या मुक्कामी पोचल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्या असतील तरच. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली पडणं, चालताना तोल जाणं, यांपैकी काही जाणवलं तर प्रवास तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा.

परतल्यावर रायझरचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून आवळणाऱ्या पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर पुन्हा तपासले. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हे करायलाच हवं. बदल एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. रायझर, सीटखालचे रबराचे तुकडे, आरसे गाडीवर राहिले आहेत. सीटवर घातलेली जेलची गादी मात्र काढून ठेवली. बसायला मऊ आहे, पण तिने बसायची उंची वाढते, हॅन्डल त्या मानाने पुन्हा खाली पडतं आणि झुकाव वाढतो.