बंद घर उघडताना आधी पाणी

कामासाठी सात-आठ महिने बाहेर राहून परतलं की बॅग टाकावी आणि नळाखाली तोंड धुवावं, असंच वाटतं. पण नळाला तेवढ्यात हात लावू नका. बंद घरातली धूळ दिसते, म्हणून सगळे आधी झाडू उचलतात. खरं खराब झालेलं असतं ते पाणी.

दार उघडलं की दिव्याचं बटण दाबायच्या आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि तिथूनच मदतीला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचून राहतो. तो खिडकीतून आपोआप निघून जाईल या भरवशावर राहू नका.

गटाराचा वास येत असेल तर कारण बहुधा साधं असतं. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं. तेच गटाराच्या हवेला अडवतं. काही आठवड्यांत ते आटतं आणि झुरळांनाही वाट मोकळी होते. प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये, वॉशिंग मशीनच्या आउटलेटमध्ये एक-दोन लिटर पाणी ओता. पाहुण्यांचं बाथरूम हमखास राहून जातं. पुढच्या वेळी निघताना वरून दोन चमचे खाद्यतेल सोडा, तवंगामुळे पाणी हळू आटतं.

आता नळ. साचलेल्या पाण्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यात न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जीवाणू वाढू शकतो. त्याचा धोका पिण्यापेक्षा श्वासातून जास्त, म्हणजे शॉवरच्या बारीक तुषारांतून. म्हणून आल्या आल्या शॉवर नको, कितीही घामेजलेले असलात तरी. टाकी रिकामी करून घासा, पुन्हा भरा. मेन कॉक पाव फेराच उघडा. एकदम सोडला तर पाइपातली हवा दणका देते आणि जुने जोड गळू लागतात. नळांच्या तोंडच्या जाळ्या आधीच काढून ठेवा, नाहीतर गंज आणि क्षार त्यातच अडकतात. शॉवरचं डोकं काढा, खिडकी उघडा आणि प्रत्येक नळ पाच-सात मिनिटं वाहू द्या. सुरुवातीला पाणी तांबूस येईल, फसफसेल. ते नितळ होऊन धार सलग व्हायला हवी.

गिझर त्यानंतरच. गरम पाण्याच्या नळाला न थुंकता धार आली की टाकी भरली असं समजा. रिकाम्या टाकीत कॉइल जळते. ६० अंशांवर तासभर तापवून ते पाणी सोडून द्या, हात जपून. गिझर लावताच आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारं बटण) पडत असेल तर बहुतेकदा कॉइलमध्ये ओल शिरलेली असते. बटण पुन्हा पुन्हा वर ढकलू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

फ्रीज चालू ठेवून गेला असाल तर बर्फाचा ट्रे बघा. सुटे चौकोन वितळून त्यांची एकच लादी झाली असेल, तर मधे बराच वेळ वीज गेली होती. फ्रीझरमधलं सगळं टाका, वास आला नाही तरी.

गाडी असेल तर स्टार्टर मारायच्या आधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरमध्ये उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर सावकाश चार्ज करा. टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआय उतरते, तेव्हा आधी भरा, मग चालवा.

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवा. सकाळपर्यंत कुणी पाणी वापरलं नाही आणि तरी तो सरकला, तर कुठला तरी जोड गळतोय. मग आधी फ्लशची टाकी तपासा.