सासवडला उसण भरली तेव्हा

पुणे ते सासवड हा पंढरीच्या वारीत माऊलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, ३२ किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातच दिवेघाटाची चढण. आमची दिंडी रथामागची, त्यामुळे पालावर पोचेपर्यंत रात्र झाली. कसंबसं जेवलो आणि आडव्या झालो. पहाटे पावसाची मोठी सर आली, रानात पाणी साचलं. सासवडला दुसराही मुक्काम असतो, म्हणून सामान पुन्हा ट्रकमध्ये टाकून पलीकडच्या उंच रानात पाल हलवायचं ठरलं.

माझी वळकटी मीच बांधली. सतरंजी, दोन चादरी, शाल, कपडे, सगळं भिजून जड झालेलं. खाली वाकले, उचलली, आणि पाय जागचे न हलवता कमरेतूनच वळून ट्रकवरच्या पोराला वर दिली. वळकटी त्याच्या हातात गेली आणि इकडे कमरेत डाव्या बाजूला अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. "माऊली!" एवढंच तोंडातून निघालं. ट्रकचा फाळका धरून मी अर्धी वाकलेली तशीच उभी राहिले. सरळ होता येईना, बसता येईना, श्वाससुद्धा पुरता घेता येईना. लांबून बघणारी एक म्हातारी म्हणाली, "उसण भरली बाईला."

माझ्या थोरल्या जाऊबाई सोबत होत्या. त्यांनी आणि आणखी दोघींनी धरून मला कडेला नेलं. पुढच्या अर्ध्या तासात जेवढे उपाय ऐकले तेवढे मी आयुष्यात ऐकले नव्हते. कुणी म्हणालं लसूण घालून मोहरीचं तेल कढवा आणि चांगलं रगडा. कुणी बांधावरून निर्गुडीचा पाला आणायला निघालं. कुणी रुईचं पान गरम करून बांधायला सांगितलं. एका काकांनी तर पाठीला पाठ लावून मला उचलून झटका देण्याची तयारी केली होती. सगळ्यांच्या मनात माया होती. पण जाऊबाईंनी हात आडवा धरला. "आधी डॉक्टरांना दाखवू. तोवर कुणी हात लावायचा नाही." या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

वारीच्या वाटेवर औषधोपचाराची पथकं ठिकठिकाणी असतात. तिथल्या डॉक्टर ताईंनी गोळी द्यायच्या आधी प्रश्नच पुष्कळ विचारले. लघवी नेहमीसारखी होते का? अडते किंवा नकळत होते असं काही? मांड्यांच्या मधे, बसण्याच्या जागी बधिर वाटतं का? पायातली ताकद गेली का? ताप आहे का? पडलात का? हाडं ठिसूळ असल्याचं कधी कुणी सांगितलंय का, कर्करोग झाला होता का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? मग मला उताणं निजवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाचा अंगठा वर ओढायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर उभं केलं. "यातलं काहीही असतं तर तुम्हाला इथूनच रुग्णालयात पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या दिवसांत लघवी अडली, खालची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा वाटला, तर रात्र असो की पाऊस, लगेच जायचं." हे इतकं सविस्तर लिहिते आहे कारण घरगुती उपाय करायचे की नाही हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. ही लक्षणं असताना निर्गुडी शोधत बसणं म्हणजे कायमचं अपंगत्व ओढवून घेणं.

माझा स्नायू ताणला गेला होता. ताईंनी समजावलं ते असं: कमरेचे मणके पाच, वरच्या अंगाचा सगळा भार त्यांच्यावर. वाकून ओझं उचलायचं आणि त्याच दमात पिळा द्यायचा, हे कमरेला सगळ्यात जड जातं. आदल्या दिवशीच्या चालण्याने स्नायू आधीच थकलेले. ताण बसला की आजूबाजूचे स्नायू दुखरी जागा जपायला आवळून घट्ट होतात, आणि खरी कळ त्या आवळण्याची असते. एक्स-रेची गरज नाही म्हणाल्या, त्यात स्नायू दिसतच नाही. अशी दुखणी बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होतात. मी रडत विचारलं, "माझी वारी चुकली का?" त्या म्हणाल्या, "झोपून राहिलात तर चुकेल."

मला ते खरंच वाटेना. कंबर धरली की गादीवर पडून राहायचं, हेच आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं.

पहिला दिवस मी असा काढला. रसवंतीच्या गाडीवरून जाऊबाईंनी बर्फ आणला. पिशवीत घालून, पिशवी पंच्यात गुंडाळून, दुखऱ्या जागी पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग दोन तास काही नाही. बर्फ उघडा त्वचेवर ठेवला तर चामडी भाजल्यासारखी होते. बर्फाने दुखणं लवकर बरं होत नाही, ठणका तेवढा बधिर होतो, पण त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं. पडायचं ते उताणं, आणि पोटऱ्या त्याच वळकटीवर ठेवून, म्हणजे गुडघे आणि खुबे वाकलेले राहतात आणि कंबर जमिनीला टेकते. तसं ठेवल्याबरोबर पहिल्यांदा पुरता श्वास आत गेला. रात्री कुशीवर निजताना दोन गुडघ्यांच्या मधे शाल घडी करून घेतली.

जमिनीवरून उठणं हा मोठा प्रसंग होता. सरळ उठून बसायला गेलं की किंकाळी निघायची. ताईंनी शिकवलं होतं: गुडघे जवळ घ्यायचे, खांदे आणि खुबे एकदमच वळवून कुशीवर यायचं, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं, मधे पिळा पडता कामा नये. मग कोपर आणि दुसऱ्या हाताचा तळवा रेटून वर यायचं, गुडघ्यावर, आणि मग कुणाचा तरी खांदा धरून उभं. आजही मी अशीच उठते. खोकला किंवा शिंक आली तर आधी मांडीवर हात रोवायचा, म्हणजे कळ अर्ध्यावर येते. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पालाच्या दोरीपर्यंत जाऊन यायचं. पहिल्या फेरीला वीस पावलं झाली. संध्याकाळी हरिपाठाला मी मागे उभी राहिले. पावली नाही, नुसत्या टाळ्या.

गोळीबद्दल एक गोष्ट बायकांनी नीट वाचावी. सूज उतरवणारी गोळी तीन दिवसांची दिली होती, जेवणानंतरच घ्यायची. ताईंनी रक्तदाब, पित्ताचा व्रण, मूत्रपिंड, सगळं विचारून मगच दिली. त्यांनी आणखी एक विचारलं: "दिवसभरात पाणी किती पिता?" मी गप्प. वारीत आम्ही बायका आडोशाच्या अडचणीपायी पाणी कमी पितो, हे काही गुपित नाही. पण उन्हात चालून अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वर ही गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय पाणी कमी की पोट साफ होत नाही, आणि कंबर धरलेली असताना कुंथावं लागणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. तेव्हापासून मी पाणी पिते. फिरत्या शौचालयाच्या दाराबाहेर जाऊबाई उभ्या राहायच्या, मी दाराची कडी धरून बसायची-उठायची. लाज वाटायची. त्या म्हणायच्या, "मी म्हातारी झाले की तू उभी राहा."

दुसऱ्या दिवशी पालखी जेजुरीला निघाली आणि मला सामानाच्या ट्रकमध्ये पुढे बसवलं. ते माझं चुकलं. रस्त्याचा प्रत्येक खड्डा कमरेत भरत होता. चालताना कधी एवढं दुखलं नाही. जेजुरीच्या वाटेवर लोक भंडारा उधळत होते, सगळी दिंडी पिवळी झाली होती, आणि मी ट्रकच्या सावलीत उभी राहून पाहत होते. त्या दिवशी मी खूप रडले.

त्याच संध्याकाळी पायाळू आजोबा आले. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे आपल्याकडे गावोगाव मानतात. दुसऱ्या दिंडीतले कोणी त्यांना मुद्दाम घेऊन आले होते, वय ऐंशीच्या घरात. मी हात जोडून सांगितलं, "बाबा, लाथ नका मारू, डॉक्टरांनी झटका द्यायचा नाही म्हणून सांगितलंय." ते म्हणाले, "लाथ कशाला मारू माऊलीला?" आणि आधी ते वाकले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मग पायाचा अंगठा माझ्या कमरेला तीनदा हलकाच टेकवला, पीस लागावं इतका. त्याने कंबर सुटली असं मी म्हणणार नाही. पण आवळून धरलेलं अंग त्या क्षणी सैल पडलं, हे खरं आहे. भीतीने माणूस अंग आवळतं आणि आवळलं की अधिक दुखतं, हे ताईंनी सांगितलेलं मला त्या म्हाताऱ्या पायामुळे कळलं.

रात्री शेक सुरू केला. चुलीच्या कडेची वीट, आधी तरटात, मग सुती धोतरात गुंडाळून, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. मनगटाला सोसली तरच कमरेला, पंधरा-वीस मिनिटं. मिठाची किंवा वाळूची पुरचुंडीही चालते. कढत पाण्यातली निर्गुडी मी दोन दिवस लावली. पानाचा गुण किती आणि ऊबेचा किती, मला वेगळं करता आलं नाही, पण ओल्या ऊबेने बरं वाटलं. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. शेक घेत घेत झोपायचं नाही. आणि ज्यांना मधुमेहाने बधिरपणा आलाय त्यांनी वीट लावूच नये. भाजलेलं कळत नाही, कळतं तेव्हा फोड आलेला असतो. मलम चोळून त्यावर शेक घेणाऱ्या एका बाईची पाठ मी तिथेच लालभडक झालेली पाहिली. तेल मी लावलं ते चौथ्या दिवशी, तळव्याने हलकं, रगडणं नाही.

वाल्ह्याच्या वाटेवर मी पहिल्यांदा पुन्हा ओळीत आले. निघताना अर्धा तास चालले, मग गाडी, मग शेवटचा अर्धा तास. ताईंनी हिशेब सांगितला होता: चालताना थोडं दुखलं तर भ्यायचं नाही, पण ती वाढ रात्री उतरली पाहिजे. सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आज कालच्यापेक्षा कमी चालायचं. पावलं लहान, हातात काही नाही, खांद्यावर पिशवी नाही. चप्पल काढून टाकून बूट घातले. थांबावं लागलं की दगडावर एक पाय ठेवायचा, थोड्या वेळाने दुसरा. कमरपट्टा एका माऊलीने दिला तो मी फक्त चालताना दोन दिवस बांधला. रोज बांधायची सवय लावून घेतली नाही.

नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी पात्रात उतरले नाही, काठावरूनच हात जोडले. लोणंदला त्या वर्षी एक दिवस जादा मिळाला. लोणंद ते तरडगाव जेमतेम आठ किलोमीटर, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. तो टप्पा मी अख्खा चालले. घोडा समोरून गेला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळी झुंबड वाकली. मला वाकवेना. शेजारच्या अनोळखी बाईने चिमूटभर उचलली, आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या.

वारीत दिवसातून किती वेळा वाकायचं असतं, हे कंबर धरल्यावरच लक्षात आलं. जो भेटेल त्याच्या पाया पडायचं. मी एक गुडघा टेकून, पाठ सरळ ठेवून नमस्कार करायला शिकले. खुब्यातून वाकायचं, कमरेतून नाही. पुढे बादली, हंडा, पातेलं, सगळं मी तसंच उचलते: अंगाजवळ घेऊन, आणि वळायचं तर आधी पाय वळवून.

फलटणच्या वाटेवर निम्मा टप्पा चालले. बरडपासून पुढे पूर्ण चालले, जरी माळशिरसला पोचेपर्यंत कंबर संध्याकाळी बोलायची. पंढरपुरात गर्दीच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं झेपलं नसतं, म्हणून कळसाचं दर्शन घेतलं आणि चंद्रभागेच्या वाळवंटात बसून राहिले.

परतीच्या दिवशी ट्रक लागला. माझी वळकटी मी बांधली, आणि सवयीने एकटीच उचलायला वाकणार तोच जाऊबाईंनी तिचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. दोघींनी गुडघे वाकवले, "विठ्ठल" म्हटलं आणि उचलली.