पायलटचं भाडं

राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. राजपुत्र तिथं पोचतो. पोपटाचा पाय मोडला की इकडे राक्षस लंगडतो, पंख उपटला की त्याचा हात गळून पडतो, आणि मान मुरगळली की कारभार आटोपला. आईनं ही गोष्ट मला पन्नासदा तरी सांगितली असेल आणि पन्नासही वेळा मी मान मुरगळायच्या जागी टाळ्या पिटल्यात.

मे महिन्यात म्हापशाहून भाची आमच्याकडे कुळ्याला आली. वय वर्षं सात. पहिल्याच रात्री वारा सुटला, लाईट गेली, मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. म्हटलं, चला, आपला पोपट बाहेर काढू. अगदी रंगवून सांगितली. मान मुरगळली. टाळी आली नाही. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, "मामा, पोपटानं काय केलं होतं?"

"त्यानं काही नाही गो. राक्षसाचा जीव त्याच्यात होता ना?"

"पण ठेव म्हणून त्यानं सांगितलं होतं?"

पलीकडच्या खाटेवर आई हसली. "सांग आता," म्हणाली.

काय सांगणार? पडल्या पडल्या मी आठवतील तेवढे गोष्टींतले पक्षी आठवले. गरूड देवाला पाठीवर घेऊन हिंडतो. नळाचा हंस दमयंतीकडे जाऊन नळाचं गुणगान करतो, तेही आधी नळानं त्याला धरून सोडल्यावर. जटायूनं तर सीतेपायी पंखच गमावले. कबुतरं बिचारी पिढ्यान्‌पिढ्या चिठ्ठ्या वाहतात. सगळे आपल्या कामाचे. त्यांच्या कामाला आलेला माणूस काही चटकन आठवेना.

दुसऱ्या रात्री नवीन गोष्ट पाहिजे, असं फर्मान निघालं. अटीही होत्या: पक्षी मरायचा नाही, पिंजऱ्यात असायचा नाही, आणि तो इथलाच पाहिजे. मी आधी गोव्याचा राज्यपक्षी पुढे केला. पिवळाधमक, काळ्या डोक्याचा, गळ्याशी माणकासारखा लाल ठिपका असलेला बुलबुल. दिसतोच असा की गोष्टीतून उडून आल्यासारखा. पण तो फेटाळला गेला, कारण त्याच्या पाठीवर बसता येत नाही. मग मी धनेश काढला. इथल्या रानात दिसतो तो मोठा, राजधनेश. अंग काळं, मान पिवळी, चोच पिवळी, चोचीवर आणखी एक पिवळा मजला.

"काळा आणि पिवळा?" ती उठूनच बसली. "म्हणजे पायलट!"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे मोटारसायकलवर मागं बसवून भाड्यानं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडी काळी, तिचे मडगार्ड पिवळे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टँड असतो आणि म्हापशात वाढलेल्या पोरीला विमानाच्या पायलटाआधी हाच ठाऊक. तर पक्ष्याचं बारसं झालं. भाडंही तिनंच ठरवलं. एका खेपेला दहा उंबरं.

पायलटच्या आवाजाचं श्रेय मात्र आईचं. ती याला धनेश म्हणत नाही, गरूडच म्हणते. तिचं बालपण इथलंच, रेल्वेच्या रुळांजवळचं. ही लाईन पोर्तुगीजांच्या काळातली, १८८८ मधली. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारा घाट एवढा उभा, की ३७ फुटांमागे एक फूट चढ. गाडीला पुढचं इंजिन पुरत नाही, जादा इंजिनं लावावी लागतात, अजूनही. कोळशाचं इंजिन तो घाट चढताना कसं धापा टाकायचं ते आईनं अंधारात करून दाखवलं: हुस्स, हुस्स, हुस्स. "गरूड डोक्यावरून गेला की अगदी तस्सं," ती म्हणाली. भाचीनं कोळशाचं इंजिन जन्मात पाहिलेलं नाही. पण पायलट म्हटल्यावर आवाज येणारच, यात तिला काही वावगं वाटलं नाही.

गोष्ट झकास चालली होती. एक मुलगी आणि तिचा दोस्त पायलट. दूधसागराच्या मागं राहणारा एक म्हातारा पाखरांचे आवाज चोरतो आणि लोणच्याच्या बरण्यांत भरून, वर फडकं बांधून फळीवर मांडून ठेवतो. रानात चिडीचूप. मी एक सोयही करून ठेवली होती. पावसाच्या तोंडावर आमच्या ओहळाशी शीळकरी कस्तूर गायला लागतो. पोरगं रमतगमत शाळेला जाताना शीळ घालतं ना, तसा. सूर छान लागतो आणि मध्येच भलतीकडे जातो. का? तर त्याच्या बरणीचं फडकं सैल बांधलं होतं, थोडा सूर सांडला. हे ऐकून तिनं गंभीरपणे मान हलवली. बरण्या, म्हातारा, सांडलेला सूर, पाखराच्या पाठीवरून दूधसागर ओलांडणं, सगळं बिनतक्रार मंजूर.

तिसऱ्या दिवशी सकाळी खरा पायलट आला.

आमच्या कुळागराच्या वरच्या अंगाला एक जुना वड आहे. सुपारीची झाडं जिथं संपतात तिथं. मी पंपाकडे निघालो होतो, ती मागून चप्पल फटफटवत येत होती. आधी आवाज आला. हुस्स, हुस्स. तिनं माझा हात धरला. वडाच्या शेंड्यात फांदी खाली वाकली आणि पानांतून ती चोच बाहेर आली. एवढ्या अवजड चोचीनं तो करतो काय, तर चिमट्यानं उचलावं तसं एकच लाल फळ टोकात धरतो, मान मागं झटकतो, फळ हवेत उडतं आणि घशात जातं. पुन्हा एक. पुन्हा एक. ती मोजत होती. तेवीसपर्यंत गेली आणि मग एका माकडानं घोटाळा केला. दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. "मामा, डोळा लाल आहे रे!" म्हणजे नर. मादीचा डोळा पांढरट असतो. पाच-सात मिनिटांनी तो उडाला आणि इंजिन रानाच्या दिशेनं घाट चढत गेलं.

"एवढी सगळी एकट्यानं खाल्ली?"

"खाल्ली कुठं? घशात भरून नेली. घरी बायको आहे."

आणि मी चुकलो. खरं तेच सांगत सुटलो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते, चोच जाईल एवढी. अंडी घालते, उबवते, पिसं गाळून नवी आणते. महिनोन्‌महिने ती बाहेर येतच नाही. तोवर हा बाहेरून खेपा घालतो, घशातून एकेक फळ वर काढतो आणि फटीतून तिला भरवतो. शिवाय ते पिवळं आहे ना, तेही थोडं लावलेलं असतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिच्यावर चोच आणि मान घासून तो पिवळा होतो.

ती थांबली. कमरेवर हात. "मामा, थापा नको हां मारू."

आवाजाच्या बरण्या खऱ्या आणि ही थाप! मी चिडलोच जरा. पण नंतर वाटलं, तिचं तरी काय चुकलं? बरण्यांना नियम होता. फडकं सैल तर सूर सांडणार. इथं एक आई स्वतःला भिंतीत चिणून घेते आणि बाप महिनोन्‌महिने घरी पोस्टमनसारखा येतो, याला कुठला शेंडाबुडखा? प्रकरण आजीच्या कोर्टात गेलं. आजी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "खरं ते. साप, माकडं आत येऊ नयेत म्हणून."

"कोण कोंडतं तिला?"

"कोण कशाला कोंडेल? तीच."

मग सात वर्षांच्या कुठल्याही सुज्ञ माणसाला पडेल तो प्रश्न आला. "आणि शी?"

त्यातलीच थोडी दाराला लागते, असं मी म्हटल्यावर जो आनंदीआनंद झाला, तो दूधसागरावरून उडतानाही झाला नव्हता. शीचं दार! दिवसभर घरात तेच चाललं होतं. आपण त्या काऊच्या शेणाच्या घराला उगाच नावं ठेवतो. पावसात वाहून जाणारं घर ज्यानं बांधलं तो कावळा कच्चा, पण कल्पना वाईट नव्हती.

त्या रात्री गोष्ट अडली. म्हाताऱ्याशी शेवटची लढाई. मुलगी पायलटच्या पाठीवर बसणार, एवढ्यात हिनं थांबवलं.

"तो कसा जाईल? बायकोला कोण भरवणार?"

"एक दिवस उपाशी राहील."

"मामा!"

मी बरीच खटपट केली. शेजारचा धनेश भरवेल म्हटलं, चालेना. लढाई पाचच मिनिटांत संपेल म्हटलं, तेही नाही. शेवटी तिनंच तोड काढली. पायलट एकटा जाईल लढायला. मुलगी झाडावर चढून फटीतून उंबरं भरवत बसेल. झाडावर चढता येतं तिला, काल रात्री तूच म्हणालास.

म्हणजे माझी नायिका ऐन लढाईत घरी! दोन रात्री जिची मी तयारी करून घेतली, तलवार म्हणून जिच्या हाती आजोळची कोयती दिली, ती फांदीवर बसून फळं मोजणार. आणि लढाई? ती लांबून दिसेल म्हणे, डोंगरामागं. फोडलेल्या बरण्यांचा आवाज ऐकू येईल आणि मग सगळी पाखरं एकदम बोलायला लागतील. मला सांगावंच लागलं तसं. सांगताना लक्षात आलं की बरण्या लांबून फुटलेल्या जास्त चांगल्या वाटतात, हे काही मला सुचलं नसतं.

"मग आता भाडं?" मी विचारलं.

"फिटलं," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला हाक मारली तर पोरगी गायब. शोधता शोधता आतल्या खोलीत आलो. घरातल्या झाडून सगळ्या उशा आणि दोन गोधड्या कोपऱ्यात रचलेल्या. मध्ये चार बोटांची फट. फटीतून एक डोळा.

"लाल नको, पांढरा आहे," आतून खुलासा आला.

आईनं मुकाट्यानं ताट माझ्या हातात दिलं. भात, हुमण, तळलेला बांगडा. मी खाली बसलो. एक घास आत गेला, दुसरा गेला. बांगडा म्हटल्यावर काटे आले, काटे म्हटल्यावर उशीर आला. आत मूठ आपटल्याचा आवाज झाला.

"किती दिवस बसणार आहेस?" मी विचारलं.

"तीन महिने."

"शाळा?"

आत थोडा वेळ विचार झाला. मग फट आणखी रुंद करून तोंड पुढे आलं. "पायलट, काटा राहिलाय त्याला."