सोमवारचे डबे

मील प्रेपचे, म्हणजे आठवड्याचं जेवण आधीच करून डब्यांत भरून ठेवायचे, जे व्हिडिओ असतात ना, त्यात रविवार कायम रिकामा असतो. चकचकीत ओटा, काचेचे सारखे डबे, सगळ्यांत तेच चिकन आणि तीच ब्रोकोली, आणि ती बाई हसत हसत झाकणं लावते. मला तिला एवढंच विचारायचं असतं की बाई गं, तुझ्याकडे रविवारी कोणीच येत नाही का? आमच्या फोंड्यात रविवार म्हणजे सकाळी नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, बाजारात धक्के खायचे, इसवण (सुरमई) परवडला तर इसवण, नाहीतर सुंगटं (कोळंबी), मग कोणाच्या तरी मुलाची मुंज नाहीतर बायकोची मावशी, आणि दुपारी तीनला शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, चेपून जो माणूस आडवा होतो त्याने उठून गाजरं चिरायची म्हणे. ही आयडिया ज्याची कोणाची आहे त्याने गोव्यातला रविवार बघितलेला नाही, एवढं नक्की.

म्हणून आमच्याकडे हे सगळं सोमवारी चालतं. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, त्यामुळे ओट्यावर खवले नाहीत, आदोळीला (विळीला) वास नाही, आणि संध्याकाळी तसंही कोणाला जेवणात फार रस नसतो. रविवारी रात्री मूग, चवळी, अळसांदे (चवळीसारखं गोव्याचं कडधान्य) वेगवेगळे भिजत टाकायचे, सोमवारी ऑफिसातून आलं की कुकर. मीठमसाला काहीच नाही, नुसते उकडून ठेवायचे. हे महत्त्वाचं आहे, कारण डाएट मोडतं ते भुकेने कमी आणि कंटाळ्याने जास्त असं माझं मत आहे, तयार भाजी भरून ठेवली की बुधवारपर्यंत तिच्याकडे बघवत नाही. पण नुसते उकडलेले अळसांदे एक दिवस तोणाक (नारळाच्या वाटणाची उसळ) होतात, एक दिवस कांदा-लिंबू-काकडीत कालवले जातात, आणि उरले तर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन सकाळी. वाटण मात्र आधीच करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो, कारण खवलेला नारळ इथल्या मे महिन्यात सकाळी बाहेर राहिला तर संध्याकाळी त्याला हुंगायलाही नको. (डाएटिशियन बाहेरची असली की पहिल्या भेटीतच नारळ बंद सांगते. आमच्यावाली गोव्याचीच, ती म्हणाली अर्धा करा. अर्ध्यावर भागतं.)

आईला हे काचेचे डबे अजिबात आवडत नाहीत. ‘हें कितें, हॉस्पिटलांतलें जेवण?’ असं ती फ्रीज उघडून दर वेळी विचारते, जणू काय पहिल्यांदाच बघतेय. आणि हीच आई पावसाच्या तोंडावर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरते! सुकी सुंगटं, सुके बांगडे, सोलं (सुकी आमसुलं), आगळ (कोकमाचा अर्क), मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ, चिंचेचे गोळे. मडगावला पुरुमेंताचं फेस्तच भरतं त्यासाठी, लोक टेम्पो करून जातात. चार महिन्यांचं जेवण आधी ठरवून ठेवणारी बाई माझ्या चार दिवसांच्या डब्यांना हसते, आता काय बोलणार. शिळ्याचाही प्रश्न नाही, कारण रात्रीची कडी सकाळी आटवून पोळीसोबत (चपाती नव्हे, कोंडा लावलेला गोव्याचा गोल पाव) खाणारे आम्हीच.

फक्त पूर्वी हे आटवणं व्हायचं, आता फ्रीज आहे म्हणून आपण जरा जास्तच निर्धास्त असतो. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, थंडपणा चार डिग्री किंवा खाली, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, पुढचं फ्रीझरमध्ये. भाताचं तर जास्तच सांभाळायचं, शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू त्यात राहतात आणि भात रात्रभर बाहेर राहिला तर ते जे विष करतात ते परत गरम करूनही जात नाही. पावसाळ्यात लाइट गेली की बायको ओरडते ‘फ्रीज उघडू नकोस रे’, आणि बरोबर ओरडते, बंद ठेवला तर साधारण चार तास तग धरतो. उघडून उघडून किती थंड राहिलंय ते तपासणारा मीच.

आणि मग संध्याकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, येतो. पों पों. सगळे डबे, सगळे तक्ते एका बाजूला आणि तो हॉर्न एका बाजूला. पोळी हेल्दी असते म्हणून मी बरेच दिवस स्वतःला समजावलं, पण वरून कोंडा भुरभुरला म्हणून आतला मैदा काही पळून जात नाही, हल्ली बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. आता त्याला माणशी एक एवढंच सांगून ठेवलंय. तो सायकलवरूनच आधी पोळ्यांकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघतो.

मासा डब्यात जात नाही. एक तर बांगडा नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामीन तयार होतं, मग कितीही शिजवा, तोंड लाल होऊन खाज सुटायची ती सुटते. आणि दुसरं म्हणजे मासा मी ठरवतच नाही, नुस्तेंकान्न (मासेवाली) ठरवते. मी मंगळवारला बांगडा लिहावा आणि तिच्या पाटीत लेपो (चपटे मासे) असावेत, आणि तिने ‘घे रे, ताजे आसात’ म्हणावं, तिथे कोण एक्सेल शीट काढून दाखवणार. म्हणून वाटण तयार, आगळ तयार, मासा येईल तो येईल. रव्यात न घोळता थोड्या तेलावर तव्यावर, एवढीच अट, आणि तीही रविवारी सुटते.

खरी पंचाईत जून-जुलैत. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारीचे ट्रॉलर बंद, ताजं मिळालं तरी भाव ऐकून परत फिरायचं, आणि मग पुरुमेंताचे डबे उघडतात. सुक्या सुंगटांची किसमूर (कोशिंबीर), वरून कच्चा कांदा, खोबरं, सोलं. मीठ इतकं की बीपीवाल्याने लांबूनच वास घ्यावा. डाएटिशियनने चमचाभर चालेल म्हटलंय. चमचा कुठला ते आई ठरवते, आणि तिच्या हिशेबात डाव म्हणजेसुद्धा चमचाच.