वणव्याच्या धुरातला मॅरेथॉनचा सराव

उत्तर कॅलिफोर्नियात राहून पळणाऱ्या बऱ्याच जणांचे वर्ष सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया इंटरनॅशनल मॅरेथॉनच्या हिशेबाने चालते. ही शर्यत डिसेंबरच्या सुरुवातीला असते, त्यामुळे सोळा-अठरा आठवड्यांचा सराव ऑगस्टमध्ये सुरू करावा लागतो. आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हाच इथल्या वणव्यांचा मोसम. त्यामुळे सरावाचे वेळापत्रक कितीही काटेकोर आखले, तरी त्यातले काही आठवडे शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या जंगलाच्या हाती असतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१८ चे आहे. ८ नोव्हेंबरला सकाळी 'कॅम्प फायर' नावाचा वणवा पेटला, पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळून गेले आणि ८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या हानीपुढे पळणाऱ्यांची अडचण अगदीच किरकोळ आहे, हे आधीच लिहून ठेवते. पण धूर सॅक्रामेंटोपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पसरला आणि २१ नोव्हेंबरला पाऊस येईपर्यंत हटला नाही. १६ तारखेला बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या शहरांतल्या अनेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांमधला वार्षिक फुटबॉल सामना १ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलला गेला. त्या वर्षीची मॅरेथॉन २ डिसेंबरला होती, म्हणजे हे दोन आठवडे नेमके त्या काळात आले, जेव्हा शेवटचा तीस-बत्तीस किलोमीटरचा टप्पा पळून मग अंतर हळूहळू कमी करत आणायचे असते.

शरीराच्या दृष्टीने पाहिले, तर आठवडाभर पळणे थांबल्याने फारसे काही बिघडत नाही. दोन आठवडे उलटू लागले की प्राणवायू वापरण्याची क्षमता घटू लागते, तरी तीही मेहनतीने परत मिळवता येते. खरी अडचण लाँग रनची, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब पळण्याची आहे. छोटे टप्पे ट्रेडमिलवर उरकता येतात, टेकडीऐवजी जिना चढता येतो, सायकल घरात लावता येते. पण सलग तीन तास पायांवर राहण्याची जी सवय सांध्यांना, तळव्यांना आणि पोटाला लागावी लागते, तिला घरात पर्याय नाही. ट्रेडमिलवर तीन तास काढणारे लोक आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे, मात्र त्यांच्यात सामील होण्याची माझी तयारी नाही. धूर आठवड्यातला जो दिवस हिरावून घेतो, तो बहुधा हाच असतो, कारण धुरात किती वेळ राहिलो याला फार महत्त्व आहे.

हे आकड्यांत मांडले की लगेच पटते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, तर मध्यम गतीने पळणारा साठ लिटरच्या आसपास. शिवाय पळताना आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणीही वापरात नसते. आता समजा, हवेत पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि आपण तीन तास पळलो. १० हजार ८०० लिटर, म्हणजे जवळपास ११ घनमीटर हवा आत गेली आणि तिच्याबरोबर सुमारे ४३० मायक्रोग्रॅम कण. याउलट ६० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे वाईट म्हणवल्या जाणाऱ्या हवेत चाळीस मिनिटे पळलो, तर हा आकडा १४४ वर थांबतो. अमेरिकी हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या (एक्यूआय) रंगांनुसार पहिला दिवस नारिंगी आणि दुसरा त्याहून वाईट, लाल. तरीही नारिंगी दिवशीचा लाँग रन लाल दिवशीच्या छोट्या फेरीच्या तिप्पट कण आत घेऊन येतो. लाल दिवशी पळावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. नुसता रंग पाहून दिवस ठरवणारे अर्धाच हिशेब करतात, एवढेच म्हणायचे आहे.

रंगांची आणखी एक गंमत पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींशी बोलताना लक्षात येते. 'आमच्याकडे दीडशे म्हणजे रोजचेच, तुम्ही फार नाजूक झालात' असे कोणी ना कोणी म्हणतेच. पण दोन्ही देशांचे निर्देशांक वेगळ्या मापाने बांधलेले आहेत. ६० मायक्रोग्रॅमची हवा भारतीय निर्देशांकात १०० वर, म्हणजे 'समाधानकारक' वर्गाच्या अगदी टोकाला असते. तीच हवा अमेरिकेच्या, २०२४ मध्ये सुधारलेल्या मापात दीडशे ओलांडून लाल होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस तर १५ मायक्रोग्रॅमची आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी डिसेंबरच्या धुरकट पहाटे पळणाऱ्यांनी निर्देशांक बाजूला ठेवून थेट मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा, असे मला वाटते. बहुतेक अ‍ॅपमध्ये तो थोडा खाली दडलेला असतो.

पहाटेचा विषय निघालाच आहे, तर धुराच्या दिवसांतला सर्वांत मोठा पेच तिथेच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बे एरियातल्या फ्रीमाँटमध्ये उन्हापासून वाचायचे, तर सहाच्या आत अलामिडा क्रीक या ओढ्याच्या काठाला लागावे लागते. पण रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडून राहतो. सकाळी ऊन तापू लागले की हवा ढवळली जाते, दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो आणि आकडे उतरतात. त्या वेळी तापमान ३५ अंशांकडे निघालेले असते आणि ओझोनही वाढलेला असतो. म्हणजे थंडाव्याला धूर आणि स्वच्छ हवेला ऊन, अशी वाटणी झालेली असते. मी सहसा संध्याकाळी सातनंतरची वेळ निवडते, आणि ती अनेकदा जमतेही, पण मुलांच्या शाळेच्या दिवसांत ती घरातल्या सगळ्यांच्या जेवणाच्या वेळेवर घाला घालते.

आकाशाकडे पाहून अंदाज बांधण्याचा मोह आवरावा लागतो. ९ सप्टेंबर २०२० ला बे एरियात आकाश असे नारिंगी झाले, की भरदिवसा घरोघरी दिवे लावावे लागले. पण जमिनीलगतची हवा त्या दिवशी पुढच्या दिवसांइतकी वाईट नव्हती, कारण समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थरावर धूर तरंगत राहिला होता. तो खाली उतरला तेव्हा आकाश नुसतेच पांढुरके दिसू लागले, फोटो काढणारे घरी गेले आणि आकडे चढत गेले. नाकावरही विसंबता येत नाही, कारण लांबून आलेल्या शिळ्या धुराचा वास पुष्कळदा जाणवत नाही.

म्हणून उपकरणांकडे वळावे लागते. गल्लोगल्ली लोकांनी घराबाहेर लावलेले पर्पलएअरचे संवेदक मिनिटामिनिटाला आकडा देतात. पण ते लेझरने कण मोजून वजनाचा अंदाज करतात आणि वणव्याच्या धुराचे प्रमाण फुगवून दाखवतात, त्यामुळे नकाशावर अमेरिकी पर्यावरण संस्थेची दुरुस्ती निवडावी लागते. एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळावरचा आकडा अधिक भरवशाचा, पण तो मागच्या काही तासांचा भार धरून काढलेला असल्याने वारा फिरल्यावर जरा उशिरा हलतो. मी दोन्ही पाहते, आणि दुसऱ्या दिवसाचा बेत करताना नोआ या हवामान संस्थेच्या धुराच्या अंदाजाचा नकाशाही उघडते.

मास्कबद्दल सारखे विचारले जाते. एन ९५ मास्क सूक्ष्म कण उत्तम अडवतो, वायू मात्र अडवत नाही. आणि तो गालाला घट्ट बसला तरच काम करतो, त्यामुळे दाढीवाल्या मित्रांचा तो नुसता अलंकार ठरतो. चालण्यासाठी तो ठीक आहे. पळायला लागल्यावर पंधरा मिनिटांत आतून ओला होतो, श्वास ओढावा लागतो आणि त्याच गतीला नाडी नेहमीपेक्षा वर जाते. माझ्या मते मास्क लावून पळण्याची वेळ आली असेल, तर तो दिवस पळण्याचा नाही.

घरात पळावे, तर घरातली हवा चांगली असल्याची खात्री लागते. दारे-खिडक्या लावल्या तरी धूर फटींतून येतोच. गॅरेजमधल्या ट्रेडमिलवर पळणारे बहुतेक जण बाहेरचीच हवा थोडी उशिरा घेत असतात. मी चौकोनी पंख्याला घर गरम करणाऱ्या यंत्रणेतला (फर्नेस), सूक्ष्म कण अडवणारा मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर चिकटपट्टीने चिकटवून तो ट्रेडमिलच्या खोलीत ठेवला आहे. धुराच्या मोसमानंतर काढलेला पांढरा फिल्टर पाटीच्या दगडासारखा करडा झालेला असतो. खोलीतला संवेदक मात्र एका गोष्टीने मला हसवतो: बाहेरचा धूर आत येऊन तो जितका वर चढत नाही, तितका मिरचीची फोडणी पडल्यावर चढतो. धुराच्या दिवसांत आमच्याकडे फोडणीशिवायचे जेवण करावे लागते, आणि त्यावर सासूबाईंचे मत काय आहे ते इथे लिहीत नाही.

आता मी वेळापत्रकात लाँग रनसाठी शनिवार नेमून ठेवत नाही. गुरुवार ते सोमवार असा पट्टा मोकळा ठेवते आणि त्यातल्या सर्वांत स्वच्छ दिवशी तो उरकते. त्यासाठी कधी कार्यालयातून अर्धी रजा घ्यावी लागते. आठवडाभर हवा सुधारलीच नाही, तर समुद्रकाठी हाफ मून बेकडे गाडी हाकते, कारण तिथली हवा पुष्कळदा खाडीच्या आतल्या बाजूपेक्षा बरी असते. तेही जमले नाही, तर तो आठवडा सोडून देते आणि हुकलेले अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढत नाही.

आयोजकांनी मात्र अजून हा प्रश्न पुरता अंगावर घेतलेला नाही. २०१४ मध्ये किंग फायर या वणव्याच्या धुरामुळे लेक टाहोची आयर्नमॅन शर्यत (पोहणे, सायकल आणि पळणे) ऐन सकाळी, स्पर्धक जमल्यानंतर रद्द करावी लागली होती. निर्णय योग्य होता, पण तो कोणत्या आकड्यावर घेतला जाईल हे स्पर्धकाला आधी कळले असते, तर किती बरे झाले असते. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने निर्देशांकाची २०० ही मर्यादा सांगितली आहे, तिच्या वर खेळ पुढे ढकलण्याचा किंवा आत हलवण्याचा गांभीर्याने विचार व्हावा. चार-पाच तास चालणाऱ्या मॅरेथॉनसाठी मला ती फार सैल वाटते. १५० ला थांबणे रास्त ठरेल. आकडा कोणताही असो, तो आणि शुल्काच्या परताव्याची अट नोंदणीच्या पानावर ठळकपणे छापलेली असावी. हल्ली या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या नसतील, तर मी आयोजकांना पत्र पाठवून विचारते आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरत नाही.