सतरावरचा पट्टा

जानेवारी २०२२ मधल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझी विद्यार्थिनी डार्करूममधून ओली फिल्म हातात धरूनच माझ्या खोलीत आली. "मॅडम, बघा, किती स्वच्छ आलंय," असे म्हणत तिने ती फिल्म खिडकीच्या काचेला लावली. पहिल्या लेनमध्ये, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये, काहीच नव्हते. पुढच्या तीन लेनमध्ये, सहा, बारा आणि चोवीस तासांच्या नमुन्यांत, १७ किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाच्या जागी एक काळा पट्टा क्रमाने गडद होत गेला होता. पार्श्वभूमी निर्मळ होती, कडा सरळ होत्या. चार वर्षांत तिच्या हातून निघालेला हा सर्वांत देखणा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींतली प्रथिने वजनानुसार वेगळी करून दाखवणारा ठसा, होता आणि मी तिला तसे म्हणालेही.

मग माझे लक्ष फिल्मच्या कोपऱ्यात तिने मार्करने लिहिलेल्या अक्षरांकडे गेले. तिथे 'एमसीएफ-७' असे लिहिले होते.

पेशी स्वतःहून मरणाच्या वाटेला लागते तेव्हा कॅस्पेस-३ नावाचे प्रथिन कात्रीसारखे काम करते. एरवी ते सुमारे ३२ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात पडून असते. आदेश आला की ते स्वतः कापले जाते आणि त्याचा १७ किलोडाल्टनचा तुकडा ब्लॉटवर दिसू लागतो. आमच्या दुसऱ्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी हाच पुरावा मागितला होता आणि तोच त्या फिल्मवर होता. अडचण एवढीच होती की एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत कॅस्पेस-३ नसतेच. त्यांच्या त्या जनुकातून ४७ अक्षरे गळालेली आहेत, ही गोष्ट १९९८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि या पेशींत ते काम मुख्यतः कॅस्पेस-७ करते. जे प्रथिन या पेशींना बनवताच येत नाही, त्याचा इतका सुंदर पट्टा आमच्याकडे आला होता. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितले आणि विचारले, "हे लायसेट नक्की कुठल्या फ्लास्कमधले आहे?" लायसेट म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क.

पी५३ या प्रथिनाशी माझा संबंध पीएचडीच्या दिवसांपासूनचा. १९९३ साली 'सायन्स' नियतकालिकाने त्याला वर्षाचा रेणू म्हणून निवडले, तेव्हा मी नुकतीच संशोधनाला लागले होते आणि पुढची सगळी कारकीर्द त्या एका प्रथिनाभोवतीच फिरत राहिली. ३९३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन पेशीच्या डीएनएला इजा झाली की जमा होते, विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले सापडते. त्याच्या नावातला ५३ हा आकडासुद्धा खरा नाही. प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळते आणि ५३ वर दिसते. त्याचे खरे वजन ४३.७ किलोडाल्टनच्या आसपास आहे. आणि १९७९ मध्ये ते सापडल्यानंतर तब्बल दहा वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा त्याला कर्करोग घडवणारे प्रथिन समजत होत्या, कारण सुरुवातीला ज्या जनुकाच्या प्रती हाताशी होत्या त्या मुळातच बिघडलेल्या होत्या. निरोगी प्रत हाती आल्यावर १९८९ मध्ये चित्र उलटे झाले आणि तेच प्रथिन कर्करोगाला आवर घालणारे ठरले. हा इतिहास मी दरवर्षी एम.एस्सी.च्या वर्गात शिकवते. हाती असलेला माल नेमका कोणता आहे, हे न तपासता केलेले काम कितीही कसोशीचे असले तरी कुठे नेते, हे त्या वर्गात फळ्यापाशी उभी राहून मी मुलांना कितीदा सांगितले असेल.

आमच्या फ्लास्कची गोष्ट कोल्हापुरातल्या ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासून सुरू होते. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहर कित्येक दिवस तुटून राहिले. दूध, पेट्रोल, पिण्याचे पाणी यांसाठी लोक रांगा लावून उभे असताना द्रवरूप नायट्रोजनची काळजी कोण करणार? उणे १९६ अंशांवर पेशी जपणारा आमचा कॅन दररोज थोडा थोडा उडत गेला आणि गाडी येईपर्यंत कोरडा पडला. आत ठेवलेल्या एमसीएफ-७ च्या सगळ्या कुप्या गेल्या. काम अडून राहू नये म्हणून मी दुसऱ्या शहरातल्या एका परिचित प्रयोगशाळेला फोन केला आणि सप्टेंबरमध्ये माझी विद्यार्थिनी रात्रीच्या एसटीने जाऊन तो फ्लास्क अक्षरशः मांडीवर घेऊन आली. ओळखीच्या लोकांकडून, ओळखीच्या नावाच्या पेशी आल्या होत्या. त्यांची डीएनए ओळखचाचणी करून घ्यावी असे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी पुराच्या खर्चात मी ती मागे ढकलली असती, हेही मला ठाऊक आहे.

त्या पेशींवर आम्ही कॅम्प्टोथेसिन वापरत होतो. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात हे द्रव्य असते, हे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले; त्याआधी १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळे काढले गेले होते. टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधे त्याच्यापासूनच बनवली गेली. माझी विद्यार्थिनी आजऱ्याकडची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडं नरक्याचं लाकूड कुणी चुलीलासुद्धा घेत नाही, वास येतोय त्याला." डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ त्याची एक दोरी कापते आणि पुन्हा सांधते, कॅम्प्टोथेसिन ते सांधणे अडवून धरते आणि डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की डीएनए तुटतो. एवढी इजा झाल्यावर एमसीएफ-७ मध्ये पी५३ चांगलेच वाढायला हवे. आमच्याकडे ते वाढत नव्हते. पट्टा अगदी पुसट यायचा, पण प्रथिने मोडीत काढणारे प्रोटिएसोम औषधाने बंद केले की तेच पी५३ ठळकपणे दिसायचे. म्हणजे प्रथिन बनत होते आणि कुणीतरी ते लगोलग नष्ट करत होते.

या 'कुणीतरी'वर आम्ही पहिला शोधनिबंध लिहिला. पी५३ ला मोडीत पाठवणारे नेहमीचे प्रथिन एमडीएम२. त्याची क्रिया दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींत बदलत असावी, अशी मांडणी आम्ही केली आणि २०२१ मध्ये ती छापून आली. प्रत्येक प्रयोग तीनदा केलेला होता. आकडेवारी चोख होती. घरी पेढे आणले होते.

त्या गुरुवारी मी तिला नवे काही करायला लावले नाही. फ्रीझमधले जुनेच लायसेट पुन्हा जेलवर चढवले आणि या वेळी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला), ६६ किलोडाल्टनच्या प्रथिनाला, चिकटणारी अँटिबॉडी लावली. एमसीएफ-७ मध्ये हा ग्राहक भरपूर असतो, किंबहुना त्यासाठीच या पेशी जगभर वापरल्या जातात. प्रथिने उतरवलेले मेंब्रेन दूध पावडरच्या द्रावणात हलत असताना आम्ही दोघी इन्क्युबेटरपाशी गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्क धरला. एमसीएफ-७ दाटीवाटीने, बेटे करून वाढतात. समोरच्या पेशी पसरलेल्या, टोकदार, एकमेकींपासून सुट्या होत्या. दोन वर्षे मी त्यांच्याकडे बघत होते. "या पेशी लवकर भरतात, मॅडम, आधीच्या फार सावकाश वाढायच्या," असे तीच मला २०१९ मध्ये म्हणाली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता.

संध्याकाळी सातला आम्ही दुसरी फिल्म धुतली. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये ती वर-खाली करताना दोघींपैकी कुणीच बोलत नव्हते. शेजारच्या लेनमधला पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे हा ग्राहक नक्की असलेला नमुना, ६६ वर लख्ख उमटला. आमच्या चारही लेन कोऱ्या राहिल्या.

तोपर्यंत मला अंदाज आला होता. पी५३ बनते, निरोगी असते, तरी दिसत नाही आणि प्रोटिएसोम अडवले की दिसते, असे वर्णन कुणीही मला पेशींचे नाव न सांगता ऐकवले असते तर मी क्षणात म्हणाले असते, पेशींत ह्युमन पॅपिलोमा विषाणू आहे. त्या विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ ला धरून मोडीत पाठवते. हे १९९० पासून माहीत आहे. आणि हा विषाणू, त्याचा १८ क्रमांकाचा प्रकार, ज्या पेशींत ठाण मांडून आहे त्या पेशी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून सगळ्यांना मागे टाकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्या म्हणजे हेला. १९६६ पासून शास्त्रज्ञ याबद्दल इशारे देत आले आहेत. मी तिला इतकेच म्हणाले, "बाळ, या हेला असाव्यात." ती हातमोजे काढायचे विसरून तशीच स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे सगळंच, मॅडम?" मी होय म्हणाले.

रात्री घरी जाताना रंकाळ्यापाशी गाडी थांबवून मी बराच वेळ बसले. मनात सारखा एकच विचार येत होता. आमच्या फ्लास्कवर जिच्या पेशींचे नाव होते, ती मिशिगनमधली एक नन. १९७० मध्ये तिच्या छातीतल्या पाण्यातून या पेशी काढल्या गेल्या आणि सातव्या प्रयत्नाला त्या जगल्या म्हणून नावात सात. आत मात्र हेला जिच्यापासून आल्या ती दुसरीच बाई होती: बाल्टिमोरची हेन्रिएटा लॅक्स, पाच मुलांची आई, १९५१ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेलेली, जिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. दोन वर्षे आम्ही एकीचे उत्तर दुसरीच्या नावावर लिहीत होतो. त्या दोघींच्या आजारपणातून आलेल्या वस्तूशी आपण अधिक जपून वागायला हवे होते, हे मला त्या रात्री फार लागले.

ओळखचाचणीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. दोन्ही स्त्रियांच्याच पेशी असल्यामुळे लिंग दाखवणाऱ्या खुणेचा उपयोग नव्हता, पण बाकीच्या खुणा हेलाशी तंतोतंत जुळल्या. त्याच दिवशी मी नियतकालिकाच्या संपादकांना शोधनिबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले आणि कारण स्पष्ट शब्दांत दिले, कारण 'तांत्रिक त्रुटी' असे लिहिले असते तर आमच्या निष्कर्षावर पुढे काम करणाऱ्यांना काहीच कळले नसते. परीक्षकांकडे गेलेला दुसरा निबंधही काढून घेतला. कॅस्पेस-३ चा पुरावा मागणाऱ्या त्या परीक्षकांनाही एमसीएफ-७ ची ही गोष्ट आठवली नव्हती. तरी त्यांनी तो मागितला नसता तर आम्ही अजून त्याच वाटेने चालत राहिलो असतो, म्हणून मी त्यांचे आभार मानले आणि ते मनापासूनचे होते.

सर्वांत कठीण गेले ते तिच्या वडिलांशी बोलणे. ते आजऱ्याहून मुद्दाम आले, घनसाळ तांदळाची पिशवी टेबलाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "पोरीचं काय चुकलं काय?" तिचे काही चुकले नाही, तिने केलेले प्रत्येक मोजमाप बरोबर आहे, चूक पेशी न तपासता कामाला लावणाऱ्या माझी आहे, असे मी त्यांना सांगितले. तिची शिष्यवृत्ती वर्षभरात संपणार होती. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एमसीएफ-७ नव्याने मागवल्या, पहिल्याच आठवड्यात त्यांची चाचणी करून घेतली आणि तिने सप्टेंबर २०१९ च्या ठिकाणापासून पुन्हा सुरुवात केली. मेमध्ये तिने कॅम्प्टोथेसिनचा ब्लॉट दाखवला. पी५३ तासागणिक चढत गेले होते, कॅस्पेस-३ ची जागा पूर्ण कोरी होती आणि त्यात जगाला नवे असे काहीही नव्हते.

एक प्रश्न उरला होता. आमच्याही लॅमिनारमध्ये, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात, कधीकाळी हेला वाढवल्या गेल्या होत्या. मिसळ आमच्याकडे झाली असेल का? फ्लास्क आणल्यानंतर चौथ्या दिवशी गोठवलेली एक कुपी कॅनच्या तळाशी सापडली. ती न वाढवता तशीच चाचणीला पाठवली. तीही हेलाच निघाली. एमसीएफ-७ चा त्यात मागमूस नव्हता. चार दिवसांत हे घडणे शक्य नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्या परिचित प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे कुणीतरी सेंट्रिफ्यूज लावल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, "तो फ्लास्क तुम्ही नेमका कोणत्या महिन्यात नेला होता? मी लिहून घेतो. त्याच कुपीतून आमच्या तिघांचे प्रबंध झाले आहेत."